इंग्रजी साहित्यिक उतारा उलगडताना: आधी क्रियापद, मग अर्थ

इंग्रजी कथेतला उतारा समोर असतो. एकेका शब्दाचा अर्थ माहीत असतो किंवा डिक्शनरीत सापडलेला असतो, तरी वाक्य हाताला लागत नाही. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी शब्द पाठ करायला घेतात. अडचण बहुधा शब्दांत नसते, ती वाक्याच्या बांधणीत असते.

सोलापुरात ही अडचण घरोघरी सारखीच आहे. पूर्व भागात घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, काही पेठांत उर्दू, बाकी मराठी. या चारही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे कानाला शेवटापर्यंत थांबायची सवय असते. इंग्रजी कर्ता सांगून लगेच क्रियापद देते आणि मग तपशील एकामागून एक जोडत जाते. शेवटी दिसलेलं क्रियापद मुख्य धरलं की वाक्य उलटं पडतं.

दुसरा फरक विशेषणासारख्या उपवाक्याचा. मराठीत आपण ‘मी वाचलेलं पुस्तक’ म्हणतो, तेलुगूत ‘नेनु चदिविन पुस्तकम’, कन्नडमध्ये ‘नानु ओदिद पुस्तक’. तिन्हींत माहिती आधी आणि पुस्तक नंतर. इंग्रजीत आधी ‘द बुक’ आणि मग ‘दॅट आय रेड’. नाम येऊन गेल्यावर त्याचं वर्णन सुरू होतं, हे ध्यानात नसेल तर त्या वर्णनातलं क्रियापद भलत्याच कर्त्याला चिकटवलं जातं.

खालची पद्धत या दोन सवयी धरूनच आखली आहे. अकरावी-बारावी, बी.ए.ची पहिली दोन वर्षं किंवा स्वतःहून इंग्रजी वाचणारे, कुणालाही ती वापरता येईल.

तयारी

उतारा 80 ते 120 शब्दांचा घ्या. त्याहून लांब घेतला तर दुसऱ्या अर्ध्याकडे नीट लक्ष राहत नाही. फुलस्केप वहीत एक ओळ सोडून एक अशी हाताने नक्कल करा. मधल्या रिकाम्या ओळीत खुणा करायच्या आहेत. पेन्सिल, लाल पेन, निळं पेन एवढं पुरे. एका उताऱ्याला 40 ते 50 मिनिटं द्या. डिक्शनरी जवळ असू द्या, पण पहिल्या 20 मिनिटांत उघडू नका.

सरावासाठी एक उतारा इथे मुद्दाम रचून दिला आहे. तो देवनागरीत आहे. वहीत उतरवताना रोमन लिपीत, विरामचिन्हांसकट लिहा.

‘द ओल्ड वीव्हर हॅड स्टॉप्ड स्पीकिंग बाय द टाइम द हीट केम. ही वुड सिट ऑन द स्टेप आउटसाइड द शेड, हिज हँड्स इन हिज लॅप, लिसनिंग टू लूम्स दॅट नो लाँगर रॅन. वुड दे स्टार्ट अगेन टुमॉरो? अ बॉय फ्रॉम द नेक्स्ट लेन, हूम नोबडी हॅड आस्क्ड, ब्रॉट हिम वॉटर एव्हरी नून. ही ड्रँक इट स्लोली. नेव्हर हॅड ही थँक्ड द बॉय; नेव्हर हॅड द बॉय सीम्ड टू माइंड. अँड देन, वन मॉर्निंग इन जून, द स्टेप वॉज एम्प्टी.’

सात वाक्यं, 80 शब्द. एकही शब्द अवघड नाही, तरी चुकायला जागा भरपूर आहेत.

पहिलं वाचन मोठ्याने

आधी एकदा मोठ्याने वाचा. स्वल्पविरामाला थोडं थांबा, पूर्णविरामाला पूर्ण थांबा. इंग्रजीत स्वल्पविराम वाक्याचे जोड दाखवतो, त्यामुळे तो गाळून वाचला तर पुढचं सगळं काम दुप्पट होतं. मग वहीच्या समासात मराठीत फक्त एक ओळ लिहा: कोण आहे आणि काय घडतंय. ती ओळ चुकली तरी खोडू नका. शेवटी तिच्याशी ताडून पाहायचं आहे.

क्रियापदं शोधा आणि मोजा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. लाल पेनाने फक्त काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करा. ती ओळखायची खात्रीची युक्ती अशी: भूतकाळातली गोष्ट मनातल्या मनात वर्तमानकाळात आणा. जे शब्द बदलतील ती खरी क्रियापदं. ‘हॅड स्टॉप्ड’चं ‘हॅज स्टॉप्ड’ होतं, ‘केम’चं ‘कम्स’ होतं, ‘ब्रॉट’चं ‘ब्रिंग्ज’ होतं. ‘स्पीकिंग’, ‘लिसनिंग’ आणि ‘टू माइंड’ मात्र जसेच्या तसे राहतात. ते क्रियापदापासून बनलेले आहेत, पण वाक्य त्यांच्यावर उभं नाही.

या उताऱ्यात अशी क्रियापदं 11 आहेत. वाक्यागणिक 2, 2, 1, 2, 1, 2, 1. तुमची संख्या जास्त आली तर बहुधा ‘आयएनजी’चे शब्द मोजले गेले. कमी आली तर ‘रॅन’ किंवा ‘हॅड आस्क्ड’ सुटलं असणार.

आता जोड तपासा. एका वाक्यात क्रियापदं जितकी, त्याहून एक कमी इतके जोडशब्द लागतात. पहिल्या वाक्यात दोन क्रियापदं आणि जोड एक, ‘बाय द टाइम’. दुसऱ्यात ‘दॅट’, चौथ्यात ‘हूम’. सहाव्या वाक्यात शब्द नाही, तिथे अर्धविराम तेच काम करतो. हिशेब जुळला नाही तर दोनच शक्यता उरतात: क्रियापद चुकीचं मोजलं किंवा जोडशब्द गाळलेला आहे. इंग्रजीत ‘द वॉटर द बॉय ब्रॉट’ असं बिनदिक्कत लिहितात. ‘दॅट’ तिथे न दिसता असतो. दोन नामं मध्ये काहीही न येता लागून आली की अशा गाळलेल्या ‘दॅट’चा संशय घ्या.

प्रत्येक क्रियापदाखाली निळ्या पेनाने ‘कोण?’चं उत्तर लिहा. इथे दोन हमखास चुका होतात. पहिली ‘रॅन’ची. वाक्याच्या शेवटी आहे म्हणून ते मुख्य धरून ‘म्हातारा पळाला’ असा अर्थ लावला जातो. ‘कोण रॅन?’ असं विचारलं की उत्तर ‘लूम्स’ येतं. माग पळत नाहीत, चालतात. म्हणजे ‘आता न चालणारे माग’.

दुसरी चूक ‘हूम नोबडी हॅड आस्क्ड’ची. ‘ज्याने कुणालाच विचारलं नाही’ असं भाषांतर सर्रास होतं. विचारणारा ‘नोबडी’ आहे, मुलगा कर्म आहे. ‘हू’ऐवजी ‘हूम’ आलंय, ते हेच सांगायला. शिवाय ‘आस्क’ म्हणजे दर वेळी प्रश्न विचारणं नव्हे, काही करायला सांगणंही. अर्थ असा: त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. या चार शब्दांमुळे मुलगा आपणहून पाणी आणतो हे कळतं. उलटं वाचलं तर तोच मुलगा आगाऊ वाटायला लागतो.

उपवाक्यं कंसात घाला

पेन्सिलने उपवाक्यं आणि तुकडे कंसात बंद करा आणि उरलेलं वाचा. दुसऱ्या वाक्यात उरतं ‘ही वुड सिट ऑन द स्टेप’. चौथ्यात उरतं ‘अ बॉय ब्रॉट हिम वॉटर’. हा झाला सांगाडा.

‘हिज हँड्स इन हिज लॅप’ या तुकड्यात क्रियापदच नाही. शोधत बसू नका. मराठीत आपण ‘हात मांडीवर ठेवून’ म्हणतो, तसंच हे. ‘लिसनिंग’ स्वल्पविरामानंतर आलंय, म्हणजे ते वाक्याच्या कर्त्याचं आहे आणि बसण्याच्या वेळीच चाललेलं आहे. ‘तो बसला आणि मग त्याने ऐकलं’ असं लिहिलं तर वाक्यातली स्तब्धता जाते. ‘ऐकत बसायचा’ हे बरोबर.

स्वल्पविरामाकडे पुन्हा पाहा. ‘हूम नोबडी हॅड आस्क्ड’च्या दोन्ही बाजूंना तो आहे, म्हणजे ही जादा माहिती आहे. ‘दॅट नो लाँगर रॅन’च्या आधी तो नाही, म्हणजे कोणते माग हे तिथेच ठरतं. ‘ऐकत बसायचा’च्या जोडीला ‘न चालणारे माग’ आले की विसंगती उभी राहते. बंद मागाला आवाज नसतो, मग तो ऐकतोय काय? हा प्रश्न पडला की उताऱ्याचा गाभा सापडला. व्याकरण सोडवण्याचं बक्षीस ते हेच.

मोठ्या वाक्यावर ही रीत जास्त उपयोगी पडते. हे पाहा: ‘व्हॉट शी रिमेम्बर्ड, व्हेन द ट्रेन हॅड ॲट लास्ट लेफ्ट होटगी बिहाइंड अँड द लॅम्प्स ऑफ द कॅरेज वेअर टर्न्ड लो, वॉज नॉट द क्वॉरल बट द स्मेल ऑफ हर फादर्स शर्ट.’ क्रियापदं चार: ‘रिमेम्बर्ड’, ‘हॅड लेफ्ट’, ‘वेअर टर्न्ड’, ‘वॉज’. जोड तीन: ‘व्हॉट’, ‘व्हेन’, ‘अँड’. हिशेब जुळला. दोन स्वल्पविरामांमधला भाग कंसात टाका. उरतं ‘तिला आठवलं ते भांडण नव्हे, तर वडिलांच्या शर्टाचा वास’. ‘लेफ्ट’ आणि ‘बिहाइंड’ एकाच क्रियापदाचे दोन तुकडे आहेत, मध्ये होटगी आलंय. डिक्शनरीत ‘लेफ्ट’ एकटं शोधलं तर ‘डावा’ही सापडेल. दिवे कुणी मंद केले हे ‘वेअर टर्न्ड’मुळे गुलदस्त्यातच राहतं, कारण इथे त्याला महत्त्व नाही.

काळाची रेघ ओढा

पानावर आडवी रेघ ओढा आणि प्रत्येक क्रियापद तिच्यावर जागेवर बसवा. व्याकरणाच्या पुस्तकातले बारा टेन्स पाठ असूनही गोंधळ होतो, कारण तिथे एकेक सुटं वाक्य असतं. उताऱ्यात काळ एकमेकांच्या आधाराने उभे असतात.

‘द हीट केम’ हा बिंदू मांडा. ‘हॅड स्टॉप्ड’ त्याच्या डावीकडे येईल. म्हणजे उन्हाळा येईपर्यंत त्याचं बोलणं थांबलेलंच होतं. ‘उन्हाळा आल्यावर तो बोलायचा थांबला’ हा अर्थ लावला की गप्प होण्याचं खापर उन्हावर फुटतं. लेखनात ते कुठेच नाही. ‘स्टॉप्ड स्पीकिंग’ म्हणजे बोलणं बंद केलं. ‘स्टॉप्ड टू स्पीक’ असतं तर बोलण्यासाठी थांबला असा बरोबर उलटा अर्थ झाला असता.

‘वुड’ दोनदा आलंय आणि दोन्ही वेळा वेगळं आहे. ‘ही वुड सिट’ ही सवय, मराठीत ‘बसायचा’ किंवा ‘बसत असे’. ‘बसेल’ नव्हे. रेघेवर एका बिंदूऐवजी बरेच ठिपके द्या. ‘एव्हरी नून’मुळे ‘ब्रॉट’लाही ठिपकेच, आणि त्या ओघात ‘ड्रँक’लाही, जरी त्याच्याजवळ तसा शब्द नसला तरी. दुसरं ‘वुड’ प्रश्नात आहे: ‘वुड दे स्टार्ट अगेन टुमॉरो?’ हे भूतकाळातून पुढे पाहणं.

या प्रश्नापाशी थांबायला हवं. तो विचारतंय कोण? अवतरणचिन्ह नाही, ‘ही थॉट’ नाही. तरीही ‘टुमॉरो’ हा शब्द निवेदकाचा नाही. गोष्ट सांगणाऱ्याच्या दृष्टीने ते ‘द नेक्स्ट डे’ झालं असतं. ‘उद्या’ त्या पायरीवर बसलेल्या माणसाचं आहे. त्याच्या मनातलं ‘विल’ भूतकाळाच्या निवेदनात येताना ‘वुड’ झालं, पण ‘टुमॉरो’ तसंच राहिलं. पात्राचा विचार निवेदकाच्या वाक्यात असा मिसळणं इंग्रजी कथेत पावलोपावली सापडतं आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. खुणा तीन: बोलणाऱ्याचं नाव नसलेला प्रश्न किंवा उद्गार, भूतकाळी क्रियापद, आणि त्याच्या शेजारी ‘नाऊ’, ‘हिअर’, ‘टुमॉरो’ असा जवळचा शब्द. न बोलणाऱ्या माणसाचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो फक्त याच वाक्यात.

सर्वनामं आणि ‘अ’, ‘द’

प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामाकडे बाण काढा. ‘दे’चा बाण मागांकडे. ‘ही ड्रँक इट’मधला ‘ही’ कोण? सर्वांत जवळ मुलगा आहे, म्हणून बाण तिकडे जातो. व्याकरण दोन्ही वाचनं चालवून घेतं. निकाल अर्थ देतो. पाणी ‘हिम’साठी आणलंय, तर पिणारा म्हातारा. सर्वनाम जवळच्याच नामाचं असतं हा नियम डोक्यातून काढून टाका.

मराठी, तेलुगू, कन्नड, यांत इंग्रजीसारखा ‘द’ नाही, म्हणून आपली नजर त्यावरून घसरते. ‘अ बॉय’ म्हणजे वाचकाला नवा, नंतर तोच ‘द बॉय’. पण म्हातारा पहिल्याच शब्दापासून ‘द ओल्ड वीव्हर’ आहे. ओळख करून न देता लेखक आपल्याला त्या गल्लीत आणून उभं करतो, जणू हा माणूस आपल्या रोजच्या पाहण्यातला. कथेच्या सुरुवातीला असा ‘द’ भेटला तर उत्तरात त्याची नोंद जरूर करा. फार थोडे विद्यार्थी करतात.

क्रम कुठे मोडलाय ते पाहा

इंग्रजीचा नेहमीचा क्रम कर्ता, क्रियापद, कर्म. तो मोडला की कारण असतं. ‘नेव्हर हॅड ही थँक्ड’ हे प्रश्नासारखं दिसतं, पण प्रश्नचिन्ह नाही. ‘नेव्हर’ पुढे आणला की ‘हॅड’ कर्त्याच्या आधी जातो, हा नियमच आहे. अर्थात फरक जोराचा: ‘एकदाही नाही’. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना तीच रचना आल्यामुळे म्हातारा आणि मुलगा समोरासमोर तोलले जातात. ‘सीम्ड’ही सोडू नका. मुलाला वाईट वाटलं नाही असं लेखक म्हणत नाही, वाटलेलं दिसलं नाही एवढंच म्हणतो. मुलाच्या मनात निवेदक शिरलेला नाही.

आता उताऱ्यातले मुख्य कर्ते ओळीने लिहा: विणकर, तो, माग, मुलगा, तो, तो आणि मुलगा, आणि शेवटी पायरी. शेवटच्या वाक्यात माणूसच नाही. क्रियापदही ‘वॉज’, काही घडल्याचं नव्हे, असल्याचं.

डिक्शनरी कधी, कशी

आता उघडा, आणि एका उताऱ्यात जास्तीत जास्त पाच शब्द पाहा. शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घ्या, कारण तिच्यात वाक्यातला वापर दिलेला असतो. आधी ठरवा की शब्द नाम आहे की क्रियापद, मगच अर्थ निवडा. ‘टू माइंड’मध्ये ‘टू’ आहे, म्हणून क्रियापद: वाईट वाटून घेणं. ‘मन’ इथे बसत नाही. ‘द शेड’मध्ये ‘द’ आहे, म्हणून नाम. यंत्रमागाची शेड सोलापूरकराला समजावून सांगायला नको, पण हाच शब्द क्रियापद म्हणून आला तर अश्रू ढाळणं, पानं गाळणं असा होतो. ‘ऑन द स्टेप आउटसाइड’ ही जागा आहे, म्हणून पायरी. पाऊल किंवा टप्पा नव्हे.

अर्थ किती लावायचा

इथे सोलापूरच्या वाचकाला एक फायदा आहे आणि एक धोका. बंद गिरण्या आणि थांबलेले माग त्याला ठाऊक आहेत, मार्चअखेरीचं ऊनही. म्हणून ‘हीट’ ते ‘जून’ हा काळ किती लांब, ते त्याला लगेच जाणवतं. पण ‘गिरणी बंद पडली आणि त्याची नोकरी गेली’ असं उत्तरात लिहिलं तर ते उताऱ्याबाहेरचं झालं. उताऱ्यात गिरणी नाही, नोकरी नाही. तसंच ‘म्हातारा वारला’. उतारा म्हणतो फक्त पायरी रिकामी होती. मृत्यू सुचतो, सांगितलेला नाही.

म्हणून वहीत दोन रकाने करा: ‘लिहिलंय’ आणि ‘सुचतंय’. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक गोष्टीसमोर उताऱ्यातले तीन ते सहा शब्द पुरावा म्हणून लिहा. पुरावा सापडला नाही तर ती ओळ खोडा. इंग्रजीत उत्तर लिहिताना पहिल्या रकान्यासाठी ‘सेज’, ‘शोज’ वापरा, दुसऱ्यासाठी ‘सजेस्ट्स’, ‘इम्प्लाइज’, ‘मे’.

उत्तर लिहिणं

‘पास्ट परफेक्ट इज यूज्ड’ एवढं लिहून गुण मिळत नाहीत. रचनेचं नाव सांगून थांबू नका, तिने काय साधलं ते लिहा. मुद्दा, उताऱ्यातले शब्द, रचना आणि परिणाम या चारही गोष्टी दोन वाक्यांत बसतात:

‘द एंडिंग इज लेफ्ट ओपन. इन “द स्टेप वॉज एम्प्टी” द सब्जेक्ट इज अ प्लेस, नॉट अ पर्सन, सो वी कॅनॉट टेल व्हेदर द वीव्हर हॅज डाइड ऑर गॉन अवे.’

एका प्रश्नाला अशा दोन-तीन जोड्या पुरतात. भूतकाळातल्या कथेवरचं उत्तर वर्तमानकाळात लिहायचा प्रघात आहे. सुरुवातीला ‘द रायटर शोज’ लिहून पुढे ‘शोड’वर घसरू नका.

शेवटी संपूर्ण उतारा मराठीत लिहून काढा, पण शब्दाला शब्द लावून नव्हे. मग पहिल्या वाचनानंतर समासात लिहिलेली ओळ काढा आणि फरक कुठे पडला ते एका शब्दात टिपा: क्रियापद, जोड, काळ, सर्वनाम. दहा-बारा उताऱ्यांनंतर आपली चूक कुठल्या घरातली हे त्या शब्दांवरून दिसतं. बहुतेकांची एक किंवा दोनच घरं निघतात. पुढचे काही दिवस तेवढाच टप्पा करा.

सरावाचे उतारे विसाव्या शतकातल्या लघुकथांतून घ्या. एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांत एकेक वाक्य 60 शब्दांपर्यंत जातं, ते नंतर. कविता त्याहून नंतर, कारण तिथे ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही. कवितेला हात घालाल तेव्हा ओळी मोडून पूर्णविरामापर्यंतचा मजकूर सलग लिहा आणि क्रियापदं मोजायला तिथून सुरुवात करा.